दुकानातली ओस्ला

हामरव्हो, येल बेट, शेटलंड
१२ मे

प्रिय इंगा,

फोनवर मी जरा बोलायला लागले की तुझं 'ओस्ला, दुसरा फोन येतोय गं' सुरू होतं, म्हणून हे पत्र. पत्राच्या मध्ये तरी दुसरा फोन येत नाही.

इकडे सगळं ठीक. कोकरं चांगली झाली. एक आंधळं निघालं, त्याला घरात घेतलंय. ते दिवसभर माझ्या आवाजामागे फिरतं, म्हणून मीही उगाच बडबडत असते. बाबी मावशीचं गुडघ्याचं दुखणं चालूच आहे. तिची कामं उरकायला विल्मा रोज येते. दोघींची भांडणं भिंतीपलीकडून ऐकू येतात, म्हणजे मावशीची तब्येत बरी आहे असं धरून चालायचं.

तुला सांगायचं होतं ते वेगळंच. मंगळवारी एक बाई माझ्या दारात आली. मिसेस पेटिग्रू म्हणून, ग्लासगोची. दोन बोटी बदलून आली होती आणि वाऱ्याने पार विस्कटली होती. म्हणाली, "तुम्हीच ओस्ला ना? चिठ्ठीवरच्या?"

मला काही कळेना. तिने पिशवीतून एक स्वेटर काढला. करड्या रंगाचा, गळ्याभोवती चॉकलेटी-पांढरी नक्षी. त्याच्या कॉलरला आतून जाड कागदाची चिठ्ठी शिवलेली, आणि चिठ्ठीवर मी. दारात उभी राहून विणतेय तो तू काढलेला फोटो. खाली लिहिलंय, 'येल बेटावर ओस्लाने आपल्या हातांनी विणला.'

तिच्या नवऱ्याने तो स्वेटर एडिनबरोच्या तुझ्या दुकानातून घेतला होता, नोकरीतून निवृत्त झाला तेव्हा. रोज घालायचा म्हणे. हिवाळ्यात तो गेला. आता तिला तो मुलाला द्यायचाय, पण कोपर फाटलंय, आणि ज्या हाताने विणला त्याच हाताने ते दुरुस्त व्हावं अशी तिची इच्छा. त्यासाठी ती इतक्या लांब आली.

मी स्वेटर मांडीवर घेतला. आपले स्वेटर गोल विणलेले असतात, नळीसारखे. त्यांना बाजूला शिवण नसते, हे तुला मी काय सांगू. सवयीने काखेखाली बोट घातलं. तिथे शिवण होती, इंगा. वरपासून खालपर्यंत. मशीनची.

मी चहा ठेवला. ती म्हणाली, "याला किती दिवस लागले हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "हिवाळा गेला."

एवढं सहज निघून गेलं तोंडातून. मग मी कोपर विणून दिलं. त्या रंगाची लोकर माझ्याकडे नव्हती, जवळपासची लावली. जाताना तिने माझा हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. म्हणाली, "तो या हातांबद्दल फार बोलायचा. म्हणायचा, कुणीतरी माझ्यासाठी एक अख्खा हिवाळा बसलं होतं." मी हात सोडवून घेतला. म्हटलं, कोकराला दूध पाजायचंय.

चिठ्ठी चुकून दुसऱ्याच स्वेटरला लागली असेल. तुझ्याकडे नवी मुलगी आलीय म्हणालीस, तिचाच घोळ असणार. तेवढं बघ. इथे गेल्या वर्षभरात कुणालाच तुझी ऑर्डर नाही. मंदी आहे म्हणालीस, असेल मंदी. पण मग मशीनच्या स्वेटरवर माझा चेहरा कसा, ते मला कळव.

तुझी बहीण,
ओस्ला


३ जून

इंगा,

तुझा फोन आला ते बरं झालं, आणि तू भरभर बोलून ठेवून दिलास तेही बरंच झालं. नाहीतर मी तोंडाला येईल ते बोलले असते.

तू म्हणालीस, चूक नाही. 'थोडं काम मशीनवर होतं, शेवटचा हात हाताने फिरतो.' मी विचारलं, कुणाचा हात? तेव्हा तू म्हणालीस, "ओस्ला, तू तिथे बसून बोलतेस. हाताचं विणकाम ही आता चैन झालीय. लोकांना ते हवं असतं पण परवडत नाही. मी त्यांना परवडेल असं करून देते. कुणाचं काय बिघडलं?"

त्या शब्दावर मी दोन दिवस घालवले. चैन.

आई पाठीवर जळणाच्या पीटच्या ढेकळांची पाटी घेऊन डोंगरावरून उतरायची आणि उतरता उतरता विणायची, आठवतं? कमरेच्या चामडी पट्ट्यात एक सुई खोचलेली, हात चालू, पाय चालू, तोंडाने आपल्याला हाका मारणं चालू. थांबून विणायला तिला फुरसत कुठे होती? त्या विणण्यावर चहा-साखर यायची, पीठ यायचं. आपल्या घरात विणणं ही चैन कधीच नव्हती. न विणणं ही चैन होती. जिचे हात रिकामे, ती सुखी. चर्चच्या पाळकाची बायको हात मांडीवर ठेवून बसायची, आणि आपण तिच्याकडे टकमक बघायचो.

मग समुद्रात तेल निघालं, तेलाच्या टर्मिनलवर बायकांना नोकऱ्या लागल्या, पगार आले. बायकांनी सुया टाकल्या त्या पुन्हा हातात घेतल्या नाहीत. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही टाकल्या असत्या. पण तू दुकान काढलंस, आणि आपल्या त्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हणालीस, "जगात माणसं आहेत ओस्ला, ज्यांना तुमच्या हातांची किंमत कळते. तुम्ही फक्त विणत राहा." म्हणून मी आणि बाबी मावशी विणत राहिलो.

आता मावशीचं. हे मी फोनवर विचारणार होते, पण धीर झाला नाही.

दोन हिवाळ्यांमागे तू आली होतीस. मी तिथेच उभी राहून भांडी पुसत होते. मावशीने विणलेला स्वेटर तू तिच्यासमोर टेबलावर ठेवलास आणि तिचे दोन्ही हात हातात घेतलेस. म्हणालीस, "मावशी, पुष्कळ केलंस तू. आता टाके ओढले जातात गं. एक घट्ट, एक सैल. गिऱ्हाईक परत करतात."

मावशी फक्त आपल्या हातांकडे बघत राहिली, जसे ते कुणीतरी आणून तिच्या मांडीवर ठेवलेत. आई गेली तेव्हा तू लहान होतीस. तुला पहिला टाका घालायला शिकवला तो याच हातांनी. तुझी बोटं धरून, भिंतीच्या आडोशाला बसून. तू रडायचीस आणि ती म्हणायची, "रड खुशाल, पण सुई सोडू नको." तिने तुझं बोलणं खरं मानलं. दुसऱ्या दिवशी आपला विणायचा पट्टा माझ्याकडे आणून दिला. म्हणाली, "तुझ्याकडे राहू दे. मला तो समोर नको."

त्यानंतर तिने सुई धरलेली नाही.

तो स्वेटर तू जाताना घेऊन गेलीस. परत आलेला, बिघडलेला, विकला न जाणारा स्वेटर तू कशाला नेलास, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतंय. मावशीच्या टाक्यांबद्दल तू बोललीस ते खरं होतं का? एवढंच लिही. हो किंवा नाही.

ओस्ला


२७ जून

इंगा,

तुझं हो आलं नाही, नाही आलं नाही. म्हणून मी एडिनबरोला येऊन गेले. तू इटलीत होतीस, कसल्याशा प्रदर्शनाला. दुकानातल्या मुलीने सांगितलं. तू भेटली नाहीस याचं मला वाईट वाटलं नाही.

दुकान फार सुंदर केलंयस. दारातून आत शिरले आणि मला वाटलं, पाय पुसायला हवे होते. एका भिंतीवर मी. एवढी मोठी की माझ्या नाकावरची चामखीळ मला पहिल्यांदा नीट दिसली. त्या मुलीने मला ओळखलं नाही. तिचा दोष नाही, फोटोतली बाई माझ्याहून तरुण आहे आणि तिच्या डोक्यावर बोटीच्या प्रवासात चेंबलेली टोपी नाही.

मी विचारलं, "ही कोण?"

"ही ओस्ला," ती म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली हो. "ही अजूनही शेगडीशेजारी बसून विणते. वीज आहे घरात, पण तिला दिव्याचा उजेड आवडत नाही. एका स्वेटरला कधीकधी तीन महिने लागतात तिला."

मी म्हटलं, "फोनबिन आहे का तिच्याकडे?"

"छे, छे. फार लाजाळू आहे ती. कुणाला भेटत नाही."

"मग हे एवढे सगळे स्वेटर तिने एकटीने विणले?"

ती जरा घुटमळली. म्हणाली, "त्या बेटाची परंपरा आहे ना. त्या परंपरेतून बनतात."

मी एक स्वेटर उचलून काखेखाली बोट घातलं. मग दुसरा. मग तिसरा. ती बघत होती, म्हणून मी थांबले.

मागच्या बाजूला काचेच्या कपाटात एक वेगळाच ठेवलेला. वरून दिवा सोडलेला. मला जवळ जायची गरज नव्हती. ती लोकर बाबी मावशीच्या चॉकलेटी मेंढीची, जिची टोकं उन्हाने विटून तांबूस व्हायची. मावशी ती टोकं फेकायची नाही, कातताना आत मिसळायची. असा रंग दुसऱ्या कुणाच्या लोकरीला नाही. दोन हिवाळ्यांमागे टेबलावर होता तोच स्वेटर.

"हा केवढ्याला?" मी विचारलं.

"तो विकाऊ नाही," ती म्हणाली. "मॅडम त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. आमच्याकडचं सर्वांत देखणं काम आहे ते. याच्यावरूनच बाकीचे सगळे बनवून घेतात."

मला बसायला खुर्ची मिळाली तर बरं, असं मी तिला म्हटलं. तिने खुर्ची आणली, पाणी आणलं. चांगली मुलगी आहे. मग मी टोपी काढली आणि म्हटलं, "मीच ओस्ला. ते कपाट उघड."

तिने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाली. आधी बावरली, मग किल्ली आणली. स्वेटर माझ्या हातात देताना म्हणाली, "मॅडमना काय सांगू?"

"सांग, ज्या बाईचा होता तिच्याकडे गेला."

परतीच्या बोटीवर मी तो उलटा करून, आतून, टाका टाका बघितला. झोप नव्हतीच, आणि जूनमध्ये इकडे रात्रभर अंधारही नसतो. एकही टाका ओढलेला नाही, इंगा. एकसुद्धा नाही. माझ्या हाताला असं काम आयुष्यात जमलं नाही आणि मावशीला टाके बिघडले म्हणालीस तेव्हा तुला हे दिसत होतं.

फोटोचं मी विसरेन कदाचित. तुझ्या दुकानात माझी लाजाळू सावली बसवलीस, बसव. पण ज्या बाईने तुझी बोटं धरली, तिला तिचेच हात परके करून टाकलेस तू. कशासाठी? तिने आणखी विणू नये म्हणून?

ओस्ला


१६ जुलै

इंगा,

तुझं पत्र मिळालं. लांबलचक आहे. दोनदा वाचलं.

तू लिहितेस, मी दुकानातली वस्तू न विचारता उचलून नेली, आणि माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर तू पोलिसांत गेली असतीस. जा.

तू लिहितेस, कारखान्याला नमुना हवा होता आणि खरं सांगितलं असतं तर मावशीने तो कधीच दिला नसता. हे मात्र तू बरोबर ओळखलंस.

तू लिहितेस, दुकानाचं भाडं, मुलींचे पगार, हाताने विणलेल्या स्वेटरची खरी किंमत लावली तर वर्षातून चार गिऱ्हाइकं येतील. तू लिहितेस, आपलं नाव जिवंत ठेवायचं तर हाच एक रस्ता होता. माझा या सगळ्यावर विश्वास बसतो. तू येऊन आम्हाला तेवढंच सांगितलं असतंस, 'ओस्ला, मावशी, आता जमत नाही, तुमचं काम परवडत नाही,' तर आम्ही दोघींनी तुला चहा दिला असता, थोड्या कुरकुरलो असतो आणि आपापल्या नातेवाइकांना मोजे विणत बसलो असतो. हातांना लाज वाटली नसती.

आणि शेवटी तू लिहितेस, 'मावशीला आज ना उद्या थांबावंच लागलं असतं. मी फक्त थोडं आधी सांगितलं.'

म्हणून आता पुढचं नीट वाच.

मी मावशीकडे स्वेटर घेऊन गेले. विल्मा तिचे पाय चोळत होती. मी स्वेटर तिच्या मांडीवर ठेवला. मावशीने आधी डोळ्यांनी पाहिलाच नाही. बोटांनी कडा धरली, आत हात घातला, उलटा केला. मग म्हणाली, "हा तर माझा. कुठे होता?"

"इंगाच्या दुकानात. काचेच्या कपाटात."

"परत केला होता ना गिऱ्हाइकाने?"

"गिऱ्हाइकाने तो कधी पाहिलाच नव्हता मावशी. तिने तुला खोटं सांगितलं. याच्यावरून मशीनवर दुसरे काढतात. सर्वांत चांगला होता म्हणून ठेवून घेतला."

विल्मा म्हणाली, "कसली बाई आहे ही." मावशीने तिला हाताने गप्प केलं. खिडकीपाशी नेऊन स्वेटर उजेडात धरला. एकेक ओळ बघत होती. शेगडीवरचं सूप उतू गेलं, ते विल्माने उतरवलं.

"यात कुठे ओढलाय टाका?" मावशीने शेवटी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"कुठेच नाही."

"मलाही दिसत नाही," ती म्हणाली. "मला वाटलं डोळेही गेले."

मग म्हणाली, "माझा पट्टा आण."

मी धावत घरी जाऊन पट्टा आणला, सुया आणल्या, करडी लोकर आणली. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. मी स्वतः तिच्या कमरेला पट्टा बांधला. तिने सुई खोचली, टाके घातले. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत उजव्या हाताचं बोट वळेना. ती थांबली, बोट दुसऱ्या हाताने दाबलं, पुन्हा सुरुवात केली. टाका सुटला. उचलला. पुन्हा सुटला. डॉक्टर मागेच म्हणाला होता की हाताचे सांधे आखडत चाललेत, ते हलते ठेवायला हवेत. आम्हाला वाटलं, वयच आहे.

ती सोडत नव्हती. विल्मा रडायला लागली तशी मावशी तिच्यावर खेकसली, "तुला काय झालं? तुझी बोटं आहेत का ही?"

शेवटी तिने ती चार बोटांची पट्टी सुईवरून काढून माझ्यापुढे धरली. एक टाका घट्ट, एक सैल. एक घट्ट, एक सैल.

"इंगा बोलली तेव्हा ते खोटं होतं," मावशी म्हणाली. "आता खरं झालं."

मी म्हटलं, "मावशी, सवयीने येईल परत."

"उगीच बोलू नको, ओस्ला. तुला माझ्याशी खोटं बोलता येत नाही. ते तिलाच येतं."

तू थोडं आधी सांगितलंस म्हणतेस. सांगून घडवलंस.

मिसेस पेटिग्रूंनाही मी खरं लिहून कळवलं. माझं नाव आणि माझा चेहरा तुझ्या दुकानातून काढून टाक. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

ओस्ला


२१ सप्टेंबर

इंगा,

आता लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण एक प्रश्न आहे, आणि तो माझा नाही.

मिसेस पेटिग्रूंचं उत्तर आलं. त्या लिहितात, 'माझा नवरा फसवला गेला आणि सुखात गेला. मी कुणावर चिडायचं तेच मला कळत नाही. स्वेटर मुलाला दिला आहे. कोपर तरी तुमचं आहे, तेवढं मी त्याला सांगितलं.' पुढे त्या लिहितात की त्या मुद्दाम तुझ्या दुकानात गेल्या. माझा फोटो भिंतीवरून गेलाय. त्या जागी दुसरी बाई आहे. पांढऱ्या केसांची, माझ्याहून देखणी, समुद्राकडे बघतेय, हातात सुया. खाली नाव आहे मार्गिट. येल बेटावर मार्गिट नावाची कुणी नाही, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

मी ते पत्र घेऊन मावशीकडे गेले. थंडी पडायला लागलीय, तरी ती बाहेर भिंतीच्या आडोशाला बसली होती, अंगात तो स्वेटर. सगळा उन्हाळा तिने तो घातला. मी पहिल्यांदा घातलेला बघितला तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं विणून तिच्या अंगावर नक्षीचा स्वेटर मी कधी पाहिलाच नव्हता. चांगला असेल तो विकायला जायचा, चुकलेला घरी राहायचा, आणि तिचे चुकायचे नाहीत. आता बाहीवर सुपाचा डाग पडलाय. विल्मा धुऊन देते म्हणाली, तर मावशी म्हणाली, "राहू दे. डाग पाडायला मिळाला, हीच चैन."

मी तिला पत्र वाचून दाखवलं. ऐकताना तिने हात बाह्यांमध्ये ओढून घेतले होते. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "मी इंगाला काय लिहू? तुला काही सांगायचंय तिला?"

मला वाटलं, ती शिव्या देईल. किंवा म्हणेल, ये म्हणावं एकदा. तू आलीस तर ती तुला घरात घेईल, हे मला माहीत आहे, आणि त्याचा मला रागही येतो. मी घेणार नाही.

ती म्हणाली, "ती नवी बाई. फोटोतली."

"काय तिचं?"

"तिला विणता येतं का?"

मी म्हटलं, मला कसं माहीत असणार.

"मग इंगाला विचार," मावशी म्हणाली.

म्हणून विचारते. तिला विणता येतं का?

ओस्ला